मोकळी हवा

सेन्सर आधी मोकळ्या हवेत धरा, असं पुस्तिकेत लिहिलंय.
वडाळ्याचं ट्रक टर्मिनल, रात्रीचे पावणेदोन,
मी तो वायरीच्या शेपटीने धरून उभी,
आणि घाडी मेस्त्री विचारतात,
"मोकळी म्हंजे खंयची गे?"

एका बाजूने माहुलचा तेलकट वास,
दुसरीकडे सतरा गाड्यांची घुरघुर,
मध्ये कुणीतरी स्टोव्हवर तळत असलेला बोंबील.
शेवटी मिठागराच्या कुंपणापर्यंत चालत गेलो.
बॅटरी त्यांच्या खांद्यावर, मीटर माझ्या तळहातावर.
खाजणाकडून झुळूक आली तशी मी बटण दाबून धरलं.
यंत्राने ती हवा शुद्ध म्हणून मान्य केली.
तिच्याहून शुद्ध आम्हालाही माहीत नव्हती.

गाडी निवृत्ती खरातांची. मूळची डिझेल.
डोकं उघडून प्लग बसवले, गॅसवर आणली,
तेव्हापासून सपाटीला बरी, चढाला मान टाकते.
मागे बाटल्यांचे क्रेट, समोर चेंबूरचा पूल, पाठी हॉर्नची रांग.
खरात म्हणाले, वाटतं उतरावं आणि ढकलावी हिला,
मग आठवतं, चालवतोय मीच.

नळीत सेन्सर आवळला.
तापल्याशिवाय तो बोलत नाही.
आणि बोलतो तो पेट्रोलच्या हिशेबात:
किलोभर इंधनाला चौदा किलो सातशे हवा.
गॅसला सतरा किलो लागते,
तरी बरोबर जमलं की पडद्यावर चौदा-सातच.
मेस्त्री हसले. मालवणीत विचारा,
उत्तर पुस्तकातलंच देणारा पाहुणा.

सोळा-आठ.
"हवा जास्त," मी केबिनमधून ओरडले.
त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक ब्लॉकवर टेकवलं,
मूठ डाव्या कानाला. उजव्याने आता ऐकू येत नाही.
"नाय. गॅस जास्त आसा."
मेस्त्री, आकडा खोटं बोलत नाही.
"मी खंय म्हणतंय खोटा म्हणान?
तेका काय खावक घातलंस, ता बघ."

मी वाद घातला. दोन वर्षांची डिप्लोमा,
त्यात सहा महिने फक्त सेन्सर शिकलेली मी.
ते बॅटरीचा झोत फिरवत राहिले
आणि मॅनिफोल्डच्या सांध्याशी थांबले.
गॅस्केटवर काजळीचा ओरखडा, नखाएवढा.
धूर ठोका देऊन पुढे जायचा
आणि त्या फटीतून बाहेरची हवा घोट घोट आत.
मीटर तीच मोजत होतं, इमानाने,
माहुलची, बोंबलाची, आमच्या दोघांच्या भांडणाची.

इंजिन निवायला वेळ लागला. दोन चहा झाले.
खरात टायरला टेकून झोपले, चप्पल उशाला.
नवं गॅस्केट, चार नट, पुन्हा तापणं.
बारा-नऊ.
मेस्त्री काही बोलले नाहीत. मीही नाही.

मग पाव आटा, पाव आटा.
तेरा-चार.
तेरा-नऊ.
चौदा-तीन, आणि त्यांचा हात थांबला.
अजून थोडं, मी म्हणाले, चौदा-सात करू.
"भरल्या गाडीक थोडी हाव ठेवची लागता."
मी वहीत चौदा-तीन लिहिलं
आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

साडेपाचला गाडी गेली.
मीटर पिशवीत घालून मी वायर गुंडाळत होते,
तेवढ्यात पुलावरून फोन.
कुणी बोललं नाही. क्लीनरने तो
इंजिनाच्या झाकणावर धरला असावा:
दुसरा गिअर, बाटल्यांची किणकिण, चढ, चढ,
मग एक उसासा, आणि वरचा गिअर.

मी फोन मेस्त्रींच्या डाव्या कानाला लावला.
डोळे मिटून त्यांनी ऐकलं.
"चौदा-एक," म्हणाले,
आणि रॉकेलने हात धुवायला गेले.

खरं की खोटं, तपासायला माझ्याकडे काही नव्हतं.
वहीतलं प्रश्नचिन्ह मी खोडलं नाही.